पंचविसाव्या आठवड्याची नोंद

जर्मनीहून संगमनेरला परतायचं ठरलं तेव्हा मला अठ्ठाविसावा आठवडा लागत होता. माझ्या नवऱ्याचं, अवधूतचं काम संपायला दोन महिने होते आणि तेव्हा मला विमानात घेतलं नसतं, म्हणून मी एकटीच पुढे आले. सातव्या महिन्यात नाव नोंदवायला येणारी बाई म्हटल्यावर दोन दवाखान्यांनी नकार दिला. डॉक्टर नीलांबरींनी मात्र फोनवरच सांगितलं की सगळे कागद घेऊन या, इंग्रजीत असतील तर बरं.

कागद जर्मनमध्ये होते. माझं शिक्षण मृदा-रसायनशास्त्रातलं, तक्ते करणं हे रोजचं काम. तीन दिवस बसून मी आठवड्यांनुसार तक्ता केला. वजन, रक्तदाब, हिमोग्लोबिन, साखर आपल्याकडच्या एककांत, सोनोग्राफीची मापं. माझा रक्तगट ओ निगेटिव्ह, अवधूतचा पॉझिटिव्ह. अशा वेळी बाळाचं रक्त आईच्या रक्तात मिसळलं तर आईचं शरीर त्याच्याविरुद्ध अँटीबॉडी तयार करू शकतं. ते टाळायला अँटी-डी नावाचं इंजेक्शन देतात, साधारण अठ्ठाविसाव्या आठवड्यात. त्या रकान्यात मी लिहिलं, ‘भारतात घ्यायचे आहे.’

पंचविसावा आठवडा तेवढा मी गाळला. त्या रविवारी मला रक्त गेलं होतं. हॉस्पिटलच्या तातडीच्या विभागात दिवसभर ठेवून घेतलं, एक इंजेक्शन दिलं, बाळ ठीक आहे म्हणून घरी पाठवलं. माझ्या आधी आईची दोन बाळं पोटातच गेली होती आणि दोन्ही वेळा सुरुवात अशीच झाली होती. आई निवृत्त शिक्षिका. हातात आलेला कागद ती वाचल्याशिवाय खाली ठेवत नाही. अवधूत म्हणत होता की तिला सांगून टाक. मी ऐकलं नाही.

पहिल्या तपासणीनंतर चौथ्या दिवशी दवाखान्यातून बोलावणं आलं. माझ्या रक्तात अँटीबॉडी सापडल्या होत्या. प्रमाण चार, म्हणजे थोडंच, पण डॉक्टरांच्या मते त्या असायलाच नको होत्या. वाढल्या तर त्या बाळाच्या रक्तपेशी फोडू लागतील, कदाचित पोटातच बाळाला रक्त द्यावं लागेल, आणि ती सोय पुण्यात. “अँटी-डी अजून दिलेलं नाही ना?” असं विचारून त्यांनी स्वतःच माझ्या तक्त्यातल्या त्या रकान्यावर बोट ठेवलं आणि पुण्याच्या डॉक्टरांच्या नावे चिठ्ठी लिहायला घेतली.

त्या रविवारच्या रक्तानेच हे केलं असणार, असं मला वाटलं. आई शेजारी बसली होती. आता सांगून, झालेलं नुकसान थोडंच भरून येणार, असा मी मनाशी विचार केला. तो विचार तेव्हा मला अगदी तर्कशुद्ध वाटला.

चिठ्ठीबरोबर द्यायचं कार्ड बाहेर रेबेका सिस्टर भरत. पंचवीसेक वर्षं त्या हेच करत होत्या. त्यांनी माझा तक्ता वरपासून खालपर्यंत पाहिला.

“लई भारी केलाय. फ्रेम करून लावू भिंतीला,” त्या म्हणाल्या आणि तक्ता पालथा ठेवला. “आता तू तोंडानं सांग. मी कागदावरून कार्ड भरत नाही.”

शेवटच्या पाळीच्या तारखेपासून सगळं त्यांनी नव्याने विचारलं. मग इंजेक्शनांचा रकाना आला.

“तिकडं कुठली कुठली सुई टोचली? रक्त काढलेलं सोड. आत घातलेलं सांग.”

मी फ्लूची लस सांगितली, डांग्या खोकल्याची सांगितली.

“आणखी?”

सिस्टर पेन धरून थांबल्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग आईकडे.

“बाई, तुम्ही जरा बाहेर बसता का?” त्या आईला म्हणाल्या. त्यांची मुलगी जेनिफर आईच्या वर्गात होती.

“मी इथंच बसते,” आई म्हणाली.

तेव्हा मी सांगितलं. पंचविसावा आठवडा, रविवार, रक्त, इंजेक्शन. आईकडे न बघता सांगितलं.

“रक्तगटाचं इंजेक्शन?”

“हो.”

सिस्टर उठल्या आणि दार न वाजवताच डॉक्टरांच्या केबिनमध्ये गेल्या.

मला ठाऊक नसलेली गोष्ट अशी होती की अँटी-डी म्हणजेच बाहेरून दिलेल्या अँटीबॉडी. त्या काही आठवडे रक्तात राहतात आणि तपासणीत दिसतात. डॉक्टरांनी चिठ्ठी बाजूला ठेवली, पण फाडली नाही. त्यांनी तिथेच सोनोग्राफी करून बाळाच्या मेंदूतला रक्तप्रवाह पाहिला; बाळाचं रक्त कमी झालं तर तो वेग धरतो. तो व्यवस्थित होता. चार आठवड्यांनी पुन्हा रक्त तपासायचं ठरलं. अँटीबॉडी इंजेक्शनच्या असतील तर उतरतील, माझ्या असतील तर चढतील.

घरी आल्यावर हॉस्पिटलचा तो जर्मन कागद मी आईला ओळीओळीने वाचून दाखवला.

“मला सांगितलं असतंस तर मी इथं बसून काय केलं असतं? रडले असते,” ती शेवटी म्हणाली. “मग रडू द्यायचं होतंस.”

ते चार आठवडे तिने एकदाही मला धीर दिला नाही. रोज सकाळी बाळ किती वेळा हललं ते विचारायची आणि मी खरं सांगायचे.

दुसरा रिपोर्ट एका शुक्रवारी आला. अँटीबॉडी सापडल्या नाहीत. डॉक्टरांनी पुण्याची चिठ्ठी फाडली आणि बाळंतपण इथेच करू म्हणाल्या. मी रेबेका सिस्टरांचे आभार मानायला गेले तर त्या दुसऱ्या एका बाईला सुयांबद्दल विचारत होत्या. त्यांनी हातानेच थांब म्हणून खूण केली, मग आईला म्हणाल्या, “बाई, पोरीला घेऊन जा, उभी ठेवू नका.”

रिक्षात बसल्यावर आईने विचारलं, “त्या रविवारी फार घाबरली होतीस?”

“खूप,” मी म्हटलं. ती जवळ सरकली आणि म्हणाली, “मग आता पहिल्यापासून सांग.”