तळ्यावरची रांग

नोरीनने मागच्या चाकातली हवा सोडली, अंगठ्याने टायर चेपून पाहिला आणि आणखी थोडी सोडली. मळलेल्या पिठाइतका मऊ झाल्यावर तिने झाकण लावलं. पंजाएवढ्या रुंद चाकांच्या या सायकली हिमावर चालतात त्या या मऊपणाच्या जोरावरच.

"अजून सोड," डॉम म्हणाला. "रुळांच्या वाटेवर रात्रीचं ताजं हिम पडलंय. अर्ध्यात रुतलीस तर मी काही खांद्यावर घेऊन येणार नाही."

"तू घेणार खांद्यावर? मागच्या हिवाळ्यात स्वतःची सायकल ढकलताना रडायला आला होतास."

एरवी यावर मार्सी खिदळली असती. पण ती गोठलेल्या तळ्याच्या काठाशी पाठमोरी उभी होती. दोघं तिच्याजवळ गेले. बर्फावर एका रुंद चाकाची रेघ उमटली होती. काठावरून निघून ती सरळ पलीकडच्या किनाऱ्याकडे गेली होती, ओढ्याच्या तोंडाजवळून. तिथे चाकोरीत खालचं पाणी वर येऊन पुन्हा गोठलं होतं आणि करडं दिसत होतं.

"एकटाच गेला?" डॉमने विचारलं.

"दोघं असतील," मार्सी म्हणाली. "मागच्याने पुढच्याच्याच रेघेवर चाक ठेवलंय. तेवढी अक्कल आहे. रांग कधी लागणार म्हणून सगळे महिनाभर विचारताहेत. उत्तर मिळेना, निघाले."

रांग म्हणजे झाडांची रांग. दर हिवाळ्यात तळं गोठून घट्ट झालं की नोरीन हातगिरमिटाने बर्फाला भोकं पाडत जायची, जाडी बघायची आणि प्रत्येक भोकात माणसाएवढं एक तोडलेलं स्प्रूसचं झाड रोवायची. भोकातलं पाणी गोठलं की झाड पक्कं. मग वादळात समोरचं काही दिसत नसलं तरी कळायचं की जायचं ते इथून, ओढ्याच्या तोंडाकडून नाही. तिथे पाणी वाहतं आणि बर्फ खालून कुरतडला जातो. आणि सायकलवाल्यांचा एक नियम होता. तो कुठे लिहिलेला नव्हता, पण कोणी मोडलाही नव्हता. ज्याने झाडं रोवली त्यानेच ती थंडी सरताना उपटायची. ज्याने भोक पाडलं त्यालाच खालचा बर्फ ठाऊक. झाडं उभी आहेत तोवर तळं पेलतंय असं अख्खं गाव धरून चालतं, त्यामुळे उपटायला उशीर करणं म्हणजे गावाशी खोटं बोलणं.

मागच्या मार्चमध्ये नोरीनने उशीर केला. मुलीच्या बाळंतपणासाठी ती डुलूथला गेली होती. पुढच्या आठवड्यात येऊन काढते, असं तिने फोनवर त्यांच्यातल्याच लायल साल्मीला सांगितलं. मग हवा एकाएकी तापली. लायल तिची वाट न बघता एकटाच तळ्यावर गेला आणि त्याने जवळपास सगळी झाडं उपटली. ओढा फुगला होता, बर्फ पार रांगेपर्यंत पोखरला गेला होता, आणि शेवटच्या काही झाडांपाशी तो लायलच्या पायाखाली फुटला. लायल सापडला मे महिन्यात, तळं मोकळं झाल्यावर.

गावात कोणी नोरीनला एका शब्दाने बोललं नाही. बोलले असते तर तिला बरं वाटलं असतं.

"तू जाऊन विचारणार तरी काय लायलच्या म्हाताऱ्या बापाला?" डॉम म्हणाला. "तुमचा पोरगा ज्या रांगेपायी गेला ती परत लावू का, असं?"

"हो. असंच."

"आणि नाही म्हणाला तर?"

नोरीन सायकलकडे वळली. रांग पलीकडे लागायची ती टाउनो साल्मीच्या अंगणात. सगळ्या किनाऱ्यावर तेवढ्याच ठिकाणी बर्फ काठापर्यंत भक्कम धरायचा. झाडंही त्याच्याच रानातली. तो नाही म्हणाला तर रांग नाही. आणि रांग नसली म्हणून लोक थांबणार नाहीत, हे तर समोर बर्फावर उमटलेलंच होतं. तिने गिरमिट सायकलच्या दांडीला बांधलं.

"विचारायलाच चाललीस तर हे कशाला?" मार्सीने विचारलं.

"पुन्हा हेलपाटा नको."

रेल्वेचे रूळ उखडलेल्या जुन्या वाटेने तळ्याला वळसा घालून ती निघाली. हिम चाकाखाली करकरत होतं. गेल्या उन्हाळ्यात या वाटेने कोणीच आलं नव्हतं. टाउनोच्या घरामागच्या डोंगरावर लायलने कुदळ-फावड्याने पायवाटा खोदल्या होत्या. आसपासच्या सगळ्या मुलखात सायकलींसाठी तशा वाटा नव्हत्या. वितळणीच्या दिवसांत ओल्या मातीवर कोणी चाक घालत नसे, तेव्हा सगळे फावडी घेऊन त्याच्याबरोबर जायचे. जूनमध्ये डास फोडून काढायचे तरी जायचे. ऑक्टोबरमध्ये मेपलच्या पानांखाली दगड दडायचे, कोणी ना कोणी आपटायचंच, आणि टाउनो ओसरीवर बसून विचारायचा, आज कोणाचं थोबाड फुटलं? या वर्षी मात्र सगळे गावाकडच्या टेकडीवरच्या दीडदमडीच्या वाटांवर घाण्याच्या बैलासारखे फिरत राहिले. म्हाताऱ्याला थोडं एकटं राहू द्या, असं एकमेकांना सांगत राहिले. त्यात माया होती हे खरं. पण ते सगळ्यांच्या सोयीचंही होतं, आणि सगळ्यात जास्त नोरीनच्या.

टाउनो दारातच उभा होता. खिडकीतून त्याने तिला लांबूनच पाहिलं असावं. ऐंशीच्या घरातला, अजूनही ताठ, फक्त उजव्या गुडघ्याला पट्टा बांधलेला.

"बूट झटकून ये," तो म्हणाला. "फरशी मलाच पुसावी लागते."

त्याने कॉफी ओतली, वेलचीचा पाव कापला. खडीसाखरेचा तुकडा दातांत धरून तो बशीतून कॉफी प्यायला लागला. भिंतीवर लायलचं हेल्मेट खिळ्याला अडकवलेलं होतं. नोरीनने तिकडे पाहिलं आणि मग कपात पाहिलं.

"उन्हाळ्यात कोणी आलं नाही," टाउनो म्हणाला.

"आम्हाला वाटलं, आम्हाला बघून तुम्हाला त्रास होईल, काका."

"झाला असता." त्याने बशी खाली ठेवली. "तरी यायचं."

नोरीनने वाटेत एक वाक्य जुळवून ठेवलं होतं, ते या घरात शिरताच निकामी झालं होतं.

"माझी चूक होती," ती म्हणाली. "रोवलं मी होतं. मी यायला हवं होतं."

"हो."

तो एवढंच म्हणाला. जाऊ दे म्हणाला नाही, तुझा काय दोष म्हणाला नाही. नोरीनच्या छातीवरचं काहीतरी हललं, हलकं झालं नाही, पण हललं. नऊ महिन्यांत पहिल्यांदाच कोणीतरी तिच्याशी खरं बोललं होतं.

"रांगेचं विचारायला आलीस ना?" टाउनो म्हणाला. "आज पहाटे मी या खिडकीतून दोन दिवे पाहिले. पार ओढ्याच्या तोंडावरून. मूर्ख कुठले. ते काठाला लागेपर्यंत मी उभा होतो." त्याने गुडघा चोळला. "झाडं तोडून ठेवलीत. लाकडांच्या पडवीमागे आहेत. रोव."

ती उठायलाच निघाली होती.

"एकच अट आहे," तो म्हणाला. "उपटणार मी."

नोरीन पुन्हा बसली.

"तुमचा गुडघा, काका."

"जाण्यापुरता आहे."

बाहेर छपरावरून हिमाचा एक लोट घसरून खाली पडला. टाउनो तिच्याकडे बघत नव्हता; तो पावाचे कण बोटाने गोळा करून बशीत टाकत होता, नीट, एकेक. त्याने काय मागितलंय हे नोरीनला कळलं, आणि आपल्याला कळलंय हे त्यालाही कळलं. घर आवरलेलं होतं. चुलीशेजारी दोनच लाकडं होती, त्या दिवसापुरती. तिला राग आला. या माणसाने नाही म्हटलं असतं तर बरं, असं तिला वाटून गेलं. आता ती झाडं रोवणार, गावातली पोरं त्यांच्या आधाराने सुखरूप जाणार-येणार, आणि थंडी सरली की हा म्हातारा एका सकाळी दार ओढून घेऊन निघणार, परत न येण्यासाठी. आणि नाही रोवली तर ती पोरं पुन्हा दिवे लावून ओढ्याच्या तोंडावरून जाणार.

"नियम वेगळा आहे," ती म्हणाली.

"नियम माहीत आहे. नियमाने काय झालं तेही माहीत आहे. झाडं माझी, अंगण माझं. पटत असेल तर रोव."

ती बाहेर आली. पडवीमागे झाडं खरंच रचून ठेवलेली होती, बुंधे एका बाजूला, सगळी सारख्या उंचीची. खालच्या फांद्या साफ छाटलेल्या. एवढं काम त्या गुडघ्यावर करायला त्याला कितीतरी दिवस लागले असतील. तिने एक झाड खांद्यावर घेतलं, काठावर नेऊन टाकलं, गिरमिट सोडलं आणि अंगणापासून थोड्या अंतरावर पहिलं भोक पाडायला लागली. बर्फाचा भुगा पांढरा निघत होता. पातं आरपार गेलं तेव्हा पाणी वर आलं आणि तिच्या बुटांभोवती पसरलं. बर्फ चांगला होता. हातभर तरी सहज.

टाउनो काठी टेकत मागे आला होता. काठावरून त्याने झाड तिच्याकडे सरकवलं. तिने ते भोकात उभं केलं, भोवती भुगा दाबला. वारा नव्हता. पहिलं झाड तळ्यावर एकटंच उभं होतं, आणि त्याच्यापुढे सगळं रिकामं.

"दुसरं जरा डावीकडे घे," टाउनो म्हणाला. "लायल म्हणायचा, तू नेहमी उजवीकडे ओढतेस."

"म्हणायचा. माझ्या तोंडावर म्हणायचा."

ती डावीकडे सरकली. मग गिरमिट बर्फावर टेकवून तशीच उभी राहिली. भोक पाडलं नाही.

"काका, इकडे या."

"कशाला?"

"या तर."

तो आला, काठी आधी टेकवत, मग पाय. तिने गिरमिटाची मूठ त्याच्याकडे केली.

"हे तुम्ही पाडा. पुढचं मी. असं आलटून पालटून, पलीकडे लागेपर्यंत."

"मला कुठे जमणार?"

"उपटायला जमणार आहे ना? मग पाडायलाही जमेल. तुम्ही रोवणारे, मीही रोवणारी. म्हणजे उपटायला दोघांनी जायचं. तोच नियम."

टाउनोने मूठ हातात घेतली नाही. तो तळ्याकडे बघत राहिला, जिकडे ओढ्याचं तोंड होतं तिकडे. त्याचा जबडा हलत होता, खडीसाखर अजून तोंडात असल्यासारखा.

"मार्चमधला बर्फ दोघांना पेलत नाही," तो म्हणाला.

"माहीत आहे मला."

"एक खाली गेला की दुसराही जातोच."

"तेही माहीत आहे."

"मुलीला पोर झालंय तुझ्या."

"झालंय."

आपण हे त्याला अडवायला म्हणतोय की खरंच त्याच्याबरोबर जायला निघालोय, हे नोरीनला स्वतःलाही सांगता आलं नसतं. मागचे नऊ महिने रोज कधीतरी तिच्या मनात ते काळं पाणी येऊन जात होतं. तिने ते कोणाला सांगितलं नव्हतं. टाउनोने आता वळून तिच्याकडे नीट पाहिलं, आल्यापासून पहिल्यांदाच, आणि बराच वेळ पाहिलं. तिने नजर खाली घेतली नाही. काय दिसायचं ते त्याला दिसलं असावं, कारण त्याचा चेहरा बदलला. तो चिडला.

"गाढव आहेस," तो म्हणाला.

"असेन."

त्याने तिच्या हातातून गिरमिट हिसकावून घेतलं, काठी बर्फावर टाकून दिली आणि पातं टेकवलं. पहिल्या फेऱ्यात ते नुसतंच घसरलं. त्याने शिवी हासडली, पाय फाकवले आणि अंगाचा सगळा भार मुठीवर टाकला. भुगा निघायला लागला. नोरीनने पुढे होऊन एका हाताने त्याचा दंड धरला. त्याने तो झटकला नाही.

"मग दोघांनी जायचं तर झाडं फेब्रुवारी संपायच्या आत काढावी लागतील," धापा टाकत तो म्हणाला. "बर्फ चांगला जाड असताना. पोरं बोंबलतील, मोसम बुडवला म्हणून."

"बोंबलू देत," नोरीन म्हणाली, आणि पुढचं झाड आणायला काठाकडे वळली.