कापलेला शेवट

मच्छिंद्रने वीस वर्षं पाथर्डीच्या आसपासच्या जत्रांमध्ये तंबूतला सिनेमा चालवला. त्यात आगगाडी असली की गर्दी आवरायची नाही. या बाजूची माणसं ऊसतोडीला जायची तीही ट्रकमध्ये बसून, रूळ कुणी पाहिलेत! पडद्यावर इंजिन अंगावर आलं की पुढच्या म्हाताऱ्या पाय आखडून घेत.

त्यातला एक सिनेमा त्याच्या बायकोचा, मुक्ताबाईचा, फार लाडका. घरातून निघून गेलेल्या मुलाची वाट बघत एक आई रोज स्टेशनवर जाऊन बसते, अशी गोष्ट. तो सिनेमा गावात आला तेव्हा त्यांच्या मुलाला, करणला, घर सोडून वर्ष झालं होतं. एक रीळ जाळलं म्हणून मच्छिंद्रने पोराला भर जत्रेत थोबाडीत दिली होती. एकोणीस वर्षांचं पोर ते. नगर स्टेशनावर गाडीत बसताना कुणीतरी त्याला पाहिलं, एवढंच कळलं.

मच्छिंद्रने शेवट आधीच्या गावी बघितला होता. गाडी येते, माणसं उतरतात, मुलगा उतरत नाही आणि गाडी निघून जाते. हे मुक्ताला दाखवायचं त्याच्या जिवावर आलं. त्याने कात्री घेतली. गाडी स्टेशनात शिरते आणि आई उठून उभी राहते, तिथेच त्याने सिनेमा संपवला. रिळांची पेटी परत देताना तुकडा पुन्हा जोडला. पुढे दर जत्रेला तो हेच करत आला.

"आला आसंल न्हाई का वो तिचा ल्योक?" त्या दिवशी घरी जाताना मुक्ताबाईने विचारलं होतं.

"आला की," तो म्हणाला.

तेव्हापासून ती दर दिवाळीला करणसाठी एक शर्ट घेऊ लागली.

आता तंबू गेला आणि मुक्ताबाईने सहा महिन्यांपासून अंथरूण धरलं होतं. लेकीची लेक ज्ञानेश्वरी नगरला नर्सिंग शिकते, ती शनिवारी आली. आजीला काय बघायचंय ते विचारून तिने तो सिनेमा मोबाईलवर शोधूनही काढला. मच्छिंद्रने रेंज नाही असं सांगून बघितलं, बॅटरी जाईल असं सांगून बघितलं. त्याचं कुणी ऐकलं नाही. मोबाईल उशीशी टेकवून पोरगी दळण आणायला गेली.

शेवट जवळ आला तसा तो खाटेजवळ सरकला. गाडी स्टेशनात शिरली. आई उठली. त्याने पुढे होऊन काचेवर बोट दाबलं तर आवाज मोठा झाला. दुसरीकडे दाबलं तर चित्रच आडवं झालं. तंबूतलं हाताने चालणारं मशीन असतं तर त्याने डोळे झाकून बंद केलं असतं.

माणसं उतरली. गाडी गेली. मुक्ताबाईने शेवटची अक्षरं वर सरकेपर्यंत सगळं बघितलं.

"हे तुमी कापलं हुतं?"

"व्हय."

 मग तिने मान त्याच्याकडे वळवली.

"आनखी काय कापलंत?"

मच्छिंद्र खाटेच्या पायथ्याशी बसला. करण गेल्याला तीन वर्षं झाली तेव्हा त्याला एका लांबच्या पोलीस ठाण्यातून बोलावणं आलं होतं. रुळांवर मरून पडलेल्या मुलाचा फोटो त्यांनी दाखवला आणि त्याने ओळखला. परत येऊन तो मुक्ताला म्हणाला होता, तो आपला नव्हता. इतकी वर्षं तो हे एकट्याने गिळून बसला होता आणि ते कधीच पचलं नव्हतं.

"तो आपलाच हुता, मुक्ते," तो म्हणाला. "माती तिथल्यांनीच केल्ती. म्या नुसता फोटू बघितला."

तिने हंबरडा फोडला असता तर त्याला बरं वाटलं असतं. ती वर पत्र्याकडे बघत राहिली.

"ट्रंकंतले शर्ट काढा," शेवटी ती म्हणाली. "ऊसतोडीला निघाल्यात त्या पोरांना द्या. थंडीचं कामी येत्याल."

त्याने ट्रंक उघडली. तळाचा शर्ट छत्तीस मापाचा होता. त्यावरचे हळूहळू मोठे होत गेले होते. पोरगं वयानं अंग धरणार, हे धरून तिने दर दोन-चार वर्षांनी माप वाढवलं होतं. सगळ्यात वरचा गेल्या दिवाळीचा होता, अजून घडीही न मोडलेला. माप बेचाळीस. मच्छिंद्र तो मांडीवर घेऊन बसला, आणि ज्ञानेश्वरी दळण घेऊन आली तरी त्याला उठता येईना.