उजवी मूठ

वासुदेवरावांनी अंकितच्या दंडाला धरलं आणि ओढतच त्याला मशीनच्या पडद्यासमोर आणून उभं केलं.

"पाहा, जावईबापू. नीट पाहा."

नंदिनी खाटेवर निजली होती. तिच्या वळलेल्या उजव्या हाताला गार चिकट जेल लावून डॉक्टर मयुरी त्यावर यंत्राचा दांडा फिरवत होत्या.

"सोनोग्राफी तर पोटाची करतेत ना?" अंकित पुटपुटला.

"हाताचीही होते," डॉक्टर म्हणाल्या. "मघाशी यांचा डावा हात पाहिला. स्नायू काळसर, त्याच्या खाली हाडाची रेघ साफ. आता उजवा बघा. सगळं पांढुरकं. हाडाची रेघ कुठंय, दाखवा बरं."

अंकितला ती सापडली नाही.

दिवाळीच्या आधी नंदिनीला लकवा मारला. पाय सावरला, पण उजवी मूठ वळली ती वळलीच. झोपेत मात्र बोटं सैल पडत. देवळीला, सासरी, सासूनं ते पाहिलं आणि ठरवून टाकलं, की काम नको म्हणून सून मुद्दाम मूठ आवळते. मग अंकितनं तिला गिरडला माहेरी आणून सोडलं. आज वासुदेवरावांनीच त्याला फोन करून वर्ध्याला या दवाखान्यात बोलावलं होतं.

"पण झोपीत सुटते ना, मॅडम? माही माय रोज पाहे."

"झोपेत सुटणारच. जाग आली की स्नायू आपोआप आवळतो. तिनं ठरवून काही होत नाही. इंजेक्शन देऊ, थोडा फरक पडेल. लवकर आणलं असतं तर जास्त पडला असता."

"आयकलं?" वासुदेवरावांचा आवाज चढला. आजवर जावयाला 'तुमी' म्हणणाऱ्या माणसाचा तोल गेला. "सोंग म्हणे तुही माय! घे, तूच दाखव सोडून! हे असं—"

त्यांनी मूठ धरून हिसका दिला. नंदिनी किंचाळली. पडद्यावरचा पांढरा पट्टा ताडकन आवळला.

"सोडा!" डॉक्टर ओरडल्या. "झटका दिला की तो आणखी घट्ट होतो."

वासुदेवराव पडद्याकडे पाहत राहिले. आपला हिसका त्यांना तिथं दिसला होता.

नंदिनीनं तोंड भिंतीकडे फिरवलं.

"माय हळू सोडे," ती म्हणाली. "तेल लावून."

रोज दुपारी मनकर्णाबाई लेकीचा हात मांडीवर घेऊन बसत. मायलेकी गप्पा करून राह्यल्या, असंच वासुदेवराव समजत आणि वांग्यांना पाणी द्यायला निघून जात. वैशाखात मनकर्णाबाई गेल्या. मग त्या हाताकडे कोणी पाहिलं नाही.

वासुदेवराव स्टुलावर बसले. डॉक्टरांनी दाखवलं तसं आधी मनगट वाकवलं, मग अंगठा धरला आणि थांबले. बराच वेळ काहीच झालं नाही. मग एक बोट उचललं, त्यामागून दुसरं.

तळव्याचा आंबूस वास आला. नखं वाढून आत रुतली होती. चार जागी कातडी फाटली होती.

खोलीत ज्याच्यावर ओरडावं असं कोणीतरी वासुदेवरावांना पाहिजे होतं, पण कोणावर ओरडावं ते त्यांना कळेना.

"नेलकटर हाय का कोणापाशी?"

अंकितनं खिशातून मोटरसायकलची चाबी काढली. छल्ल्याला नेलकटर लोंबत होतं. त्याच्याकडे न पाहता वासुदेवरावांनी ते घेतलं आणि एकेक नख कापलं. चाबी तेवढा वेळ नंदिनीच्या मनगटावर आपटत होती.

"मामाजी," शेवटचं नख झाल्यावर अंकितनं हात पुढे केला, "चाबी."

वासुदेवरावांनी ती नंदिनीच्या डाव्या हातात ठेवली.

"तिले माग."

नंदिनीनं मान वळवून नवऱ्याकडे पाहिलं. मग डाव्या हाताची मूठ हळूहळू मिटली.

ही मात्र मुद्दाम.