आमची गच्ची, वरून

माझ्या तोंडात उरलेल्या नऊच्या नऊ दातांची शपथ घेऊन सांगते, यातला शब्द न् शब्द खरा आहे. हसताय काय? मी थापाडी आहे हे जगजाहीर आहे, मान्य. पण ही गोष्ट तसली नाही. ज्याला खोटं वाटेल त्याने खुशाल उठावं आणि आत जाऊन टीव्ही लावावा.

तर, मी आणि ताई हेलिकॉप्टरात बसलो.

ताई म्हणजे माझी थोरली बहीण. वय पंच्याऐंशी, पाठ सरळ आणि जीभ पाठीहून सरळ. फक्त डोळ्यांनी दगा दिला. दोन वर्षांत सगळं अंधुक होत गेलं. आता उजेड आणि अंधार एवढंच कळतं. समोर माणूस आहे की खांब, हे तो बोलल्यावर समजतं. तिची मुलगी तिला कायमची आपल्या घरी नेणार होती, समुद्रापासून दोन दिवसांच्या वाटेवर. जायच्या आधी काही हवंय का, असं त्या माझ्या भाचीने विचारलं, तर ही म्हणते कशी, "आमची गच्ची बघायचीय. एकदा."

गच्ची म्हणजे आईच्या लाँड्रीची. टेकडीच्या उतारावर चार मजली चिंचोळं घर. खाली भट्टी, मधे इस्त्री, त्याच्यावर आम्ही राहायचो आणि सगळ्यात वर गच्ची. बंदरावरच्या हॉटेलांच्या चादरी आमच्याकडे यायच्या. गच्चीवर अकरा दोऱ्या. सकाळी दहाला सगळ्या भरल्या की आत शिरायचं आणि हरवायचं. डावीकडे चादर, उजवीकडे चादर, डोक्यावर आभाळाची पट्टी, आणि कुठूनतरी ताईचा आवाज, "बारके, चिमटे आण!" बारकी म्हणजे मी. तेव्हा शोभायचं ते नाव.

आता तिथे जायला दोनशे पायऱ्या आणि आम्हा दोघींत मिळून धड गुडघा एकच, तोही तिचा. वीस-बावीस वर्षांत तिकडे फिरकलो नव्हतो. भाची हुशार. तिने शहरावरून फिरवून आणणाऱ्या हेलिकॉप्टरची दोन तिकिटं काढली. बारा मिनिटं.

"तुला काय दिसणार गं वरून?" मी ताईला म्हटलं.

"मला नाही. तू बघायचंस आणि मला सांगायचंस."

"सांगते की! असं सांगते की..."

"असं नको. जसं असेल तसं. आयुष्यात एकदा तरी, बारके."

तिचंही बरोबर आहे म्हणा. मी तेरा वर्षांची असताना चिमटे लावायला विसरले आणि एक दुहेरी चादर वाऱ्याने नेली. मी आईला सांगितलं, एका जहाजाच्या कप्तानाने ती वरच्यावर झेलली आणि त्याचं शीड केलं. आईने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि ताईच्या पाठीत दोन धपाटे घातले, कारण गच्ची ताईच्या ताब्यात. ते धपाटे ताईने अडुसष्ट वर्षं जपून ठेवलेत.

"शेवटचं बघणं आहे हे माझं," ती म्हणाली, "आणि ते तुझ्या डोळ्यांनी. तुझे डोळे चांगलेत. फक्त तोंडाच्या फार जवळ आहेत."

हेलिकॉप्टरच्या ऑफिसात आधी वजन करतात. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. चारचौघांत काट्यावर उभं राहायचं! आता बघा, आमच्या लाँड्रीत हॉटेलचे कपडे वजनावर घ्यायचो. हॉटेलचा माणूस गाठोडं काट्यावर ठेवायचा आणि हळूच गाठीखाली एक बोट घालायचा. तेवढंच हलकं. असली बोटं पकडण्यात आमचं लहानपण गेलं. मग मला ती युक्ती येणार नाही? मी काट्यावर चढले आणि सहज, गप्पा मारता मारता, कोपर काउंटरवर टेकवलं. चार किलो गायब!

ताईने कान टवकारले. "बारके, काउंटर का करकरला?"

"जुना आहे."

काउंटरवरची मुलगी कागद बघून म्हणाली, "या आजी हलक्या आहेत, या पुढे पायलटशेजारी. त्या आजी मागे, मधे."

झालं. माझ्या चार किलोंनी आमची ताटातूट केली. मी ठरवलं होतं, शेजारी बसेन, तिचा हात हातात घेईन आणि कानात सांगेन. आता ती मागे, तिच्या दोन बाजूंना एक नवरा-बायको, लग्नाला आठवडा झालेले, आणि त्या दोघांचे हात ताईच्या मांडीवर एकमेकांत गुंतलेले. सगळ्यांच्या कानांवर हेडफोन, तोंडापुढे माइक. एकाने शिंक दिली की पाच जणांनी ऐकायची.

उडालो. पोट खाली राहिलं, आम्ही वर. पायाखाली काच. काचेतून आधी ऑफिसचं छप्पर, मग रस्ता, मग समुद्र. एका वळणावर हेलिकॉप्टर माझ्या बाजूला जरा कललं आणि मला घाम फुटला.

"पायलटबाई," मी म्हटलं, "एक सांगायचं राहिलं. माझे चार किलो जास्त आहेत."

"माहीत आहे, आजी," ती हसली. "सगळेच चोरतात. आम्ही थोडं वाढवूनच धरतो."

"मला वाटलंच!" मागून ताई.

दीपगृह झालं, वाळूचा पट्टा झाला, मोठमोठी हॉटेलं झाली. टेकडी लांबच राहिली. मी विचारलं तर पायलट म्हणाली, "वाट ठरलेली असते, आजी. तिकडे नाही जाता येत."

तेव्हा ताई बोलली. विनवणी तिला येत नाही, ती सरळ बोलते. "पोरी, आम्ही दोघींनी त्या टेकडीवर बारा वर्षं चादरी वाळवल्या. माझे डोळे गेलेत. परवा मी गाव सोडतेय. जमत असेल तर बघ, नसेल तर नाही म्हण."

पायलट वायरलेसवर कुणाशी तरी पुटपुटली. मग म्हणाली, "एक फेरी. अर्धं मिनिट मिळेल."

टेकडी पायाखाली आली. आधी पाण्याची गोल टाकी सापडली. तिच्यापासून खाली पायऱ्यांची वाकडी रेघ. बोट ठेवून मोजत गेले, पहिलं वळण, दुसरं वळण, तिसऱ्यावर आमचं घर.

"दिसली?" ताईचा आवाज.

खरं सांगू? माझ्या जिभेवर अख्खी गच्ची तयार होती. अकरा दोऱ्या, कोपऱ्यातली टाकी, आणि चादर झटकणारी एक लांब वेणीची मुलगीही मी उभी केली होती. तोंड उघडायचा अवकाश. आणि ताईने काय मागितलं होतं माझ्याकडे? एवढंच एक. घशाशी आलेली ती गच्ची मी परत गिळली. एवढी मोठी वस्तू मी जन्मात गिळली नव्हती.

"ताई, घर नाही गं. पाडलंय. सपाट केलीय जागा. गाड्या उभ्या करतात तिथे."

नवीन जोडप्याने हात सोडले.

ताई म्हणाली, "किती गाड्या?"

"तीसेक असतील."

"कशाही लावल्यात?"

"नाही, ओळीत. चार ओळी."

"आपल्या अकरा होत्या." मग, "रंग कसले?"

"पांढऱ्या आहेत, ताई."

"सगळ्या?"

"सगळ्या."

"हो हो, आजी, पांढऱ्याच," मागून तो नवरा म्हणाला. "एकदम शुभ्र," त्याची बायको म्हणाली. पायलटने हेलिकॉप्टर जरासं वळवलं आणि ऊन थेट ताईच्या तोंडावर आलं.

"चकाकतायत," ताई म्हणाली. वळून बघितलं तर डोळे मिटलेले, आणि ओठांवर ते हसू, सगळ्या दोऱ्या भरल्यावर यायचं ते. "वाळल्या असतील आता."

उतरल्यावर माझ्या हाताला धरून चालताना ती म्हणाली, "गच्ची आहे म्हणाली असतीस ना, तर मी तिथेच ओळखलं असतं."

"कसं गं?"

"थाप मारताना तू श्वास घेत नाहीस."

ताई गेली. दर रविवारी तिचा फोन येतो. तिथल्या शेजारणींना ती हेलिकॉप्टरची गोष्ट सांगते, पांढऱ्या गाड्यांसकट. माझ्याहून बरी सांगते म्हणे.

एवढं ऐकलंतच, तर एक कबूल करून टाकते. ताईपर्यंत जायला नको हं, नाहीतर गाठ माझ्याशी आहे. बाकी सगळं खरं. पण गाड्या पांढऱ्या नव्हत्या. लाल होत्या, निळ्या होत्या, एक तर हळदीसारखी पिवळीधमक. पांढरी एकच, कडेला उभी, आणि तीही अशी मळलेली की आईने दोनदा भट्टीत घातली असती.