या ‘त्या’ कोण?

रुग्णालयातून निवृत्त होणाऱ्या माणसासाठी एक छोटी पुस्तिका काढायची आणि तिच्यात घरच्या कुणीतरी एक पान लिहायचं, अशी तिथली पद्धत होती. मोठ्या सिस्टरची वेळ आली तेव्हा कुणी विचारायच्या आतच त्यांनी सांगून टाकलं, "माझी मुलगी लिहील." वॉर्डातल्या पोरींना वाटलं, मुलगी वर्तमानपत्रात आहे ना, तेवढंच मिरवायला मिळतंय. तसं थोडं होतंही. सिस्टर झाल्या तरी माणूसच. पण खरं कारण वेगळं होतं. ज्या वयात मुलीला आई लागते, त्या वयात सिस्टर कायम दुसऱ्याच कुणाच्या उशाशी उभ्या होत्या. त्याबद्दल मुलीला काय वाटतं, हे विचारायचं धाडस त्यांना आजवर झालं नव्हतं. सुई टोचताना ज्यांचा हात कधी थरथरला नाही, त्यांची जीभ या एका प्रश्नाला टाळ्याला चिकटायची. म्हणून हा आडमार्ग. बोलत नाही ती लिहील तरी, असा त्यांचा होरा.

मुलीला कचेरीत सगळे ‘कात्री’ म्हणत. इतरांनी लिहिलेल्या बातम्या तपासायचं तिचं काम, आणि लिहिणाऱ्याने कुणाची बाजू घेतलेली दिसली की तिचं डोकं फिरायचं. कुणी ‘बिचारा दुकानदार’ असं लिहिलं, की तिने विचारलंच म्हणून समजा, "बिचारा कुणाच्या मते? दुकानदाराच्या की गिऱ्हाइकाच्या?" भले भले बातमीदार तिला टरकून असत. सिस्टर मात्र कौतुकाने सांगत, "माझ्या वळणावर गेली आहे."

पहिलं पान घेऊन ती रविवारी आली. सिस्टरनी चष्मा लावला, खुर्ची खिडकीपाशी ओढली आणि वाचायला घेतलं. ‘त्या प्रदीर्घ काळ रुग्णसेवेत होत्या. वेळेच्या बाबतीत त्या काटेकोर असून त्यांच्या हाताखाली अनेक परिचारिका तयार झाल्या.’ पान संपलं. मागच्या बाजूला आणखी काही आहे का, तेही त्यांनी उलटून पाहिलं.

"या ‘त्या’ कोण?"

"तूच की."

"मला तू जन्मात कधी अहो-जाहो केलं नाहीस. भांडताना तर नुसतं ‘ए आई’! मग ही ‘त्या’ कुठून आणलीस?"

"अगं, मुलीने आईबद्दल लिहायचं म्हणजे पक्षपात होणारच. म्हणून मुद्दाम लांब उभी राहून लिहिलं."

"इतकी लांब उभी राहिलीस की मी दिसतच नाही. हे तर आमच्या हेडक्लार्कनीसुद्धा लिहिलं असतं."

कात्रीचं काम कुणी कापायची ही पहिलीच वेळ असावी. ती हिरमुसली, पण पुढच्या रविवारी नवं पान घेऊन हजर झाली. आता ‘त्या’ गेल्या होत्या आणि ‘आई’ आली होती. आई घर आणि रुग्णालय दोन्ही लीलया सांभाळत होती, तिच्या चेहऱ्यावरचं हसू कधी मावळत नव्हतं आणि तिने कधी कशाची तक्रार केली नव्हती. वाचता वाचता सिस्टर हसत सुटल्या.

"लीलया? अगं, पाय असे सुजायचे की चपला निघत नव्हत्या. आणि तक्रार केली नाही? मी रोज करायचे! तू ऐकत नव्हतीस."

"म्हणजे लांबूनही चालत नाही आणि जवळूनही चालत नाही!"

"जवळून कुठे? ही भिंतीवर टांगायच्या फोटोतली बाई आहे."

"मग तुला हवंय तरी काय, आई?"

"तुला मी जिथून दिसायचे ना, तिथून लिही," सिस्टर घाईघाईने म्हणाल्या आणि गॅस बंद करायला उठल्या. गॅसवर काहीच नव्हतं.

त्यानंतरच्या रविवारी कात्री आली नाही. त्याच्या पुढच्याही नाही. आपण उगाच खपली काढली, असं सिस्टरना वाटू लागलं. मग एका संध्याकाळी ती कामावरून परस्पर आली, पर्स खांद्यावर तशीच ठेवून तिने पान आईच्या हातात दिलं आणि पाठ करून खिडकीशी उभी राहिली.

‘मी हे तटस्थपणे लिहीत नाही. सात वर्षांच्या मुलीच्या पलंगावरून लिहिते आहे. तिथून आई फार थोडी दिसायची. शाळेच्या नाटकात मी झाड होते. आई आली नाही. मला ताप आला तेव्हा ती दुसऱ्याच कुणाचा ताप मोजत होती. तिचे पेशंट मला अजिबात आवडायचे नाहीत. एखादा बरा होऊन घरी गेला की ती खूश व्हायची. मी म्हणायचे, चला, एक कमी झाला.’

सिस्टरना जे ऐकायचं होतं ते हेच, आणि आता ते ऐकवत नव्हतं. त्यांनी पान खाली ठेवलं. पण केसपेपर अर्धवट वाचायची सवय नव्हती, म्हणून पुन्हा उचललं.

‘दुपारची पाळी असली की ती यायच्या आत बाबा मला झोपवायचे. मग कधीतरी अंधारात कपाळावर एक हात यायचा. त्या हाताला स्पिरिटचा वास असायचा. तो वास आला की मला झोप लागायची. काही वेळा हात यायचा पण वास यायचा नाही. तेव्हा मी डोळे मिटून विचार करत राहायचे, आज आईच आली ना?’

त्या ओळी सिस्टरनी पुन्हा वाचल्या.

"म्हणजे तू जागी असायचीस?"

"तू येईपर्यंत," कात्री खिडकीकडे तोंड करूनच म्हणाली.

"आणि मी समजायचे, गाढ झोपली आहे. माझ्यावाचून पोरीचं काही अडत नाही म्हणायचे आणि जाऊन पडायचे." सिस्टरनी पान मांडीवर ठेवलं. "अगं, तो वास जावा म्हणून मी तीन-तीनदा साबण लावायचे. थंडीतसुद्धा. पोरीला दवाखान्याचा वास नको म्हणून. अंगात त्राणच नसलं की मग तशीच यायचे तुझ्यापाशी."

कात्री वळली. ती रडत होती आणि ते लपवायच्या भानगडीत पडली नाही. आईच्या पायाशी बसून तिने पान ओढून घेतलं. "हे घालते यात. आणि ते ‘आई आली नाही’ काढून टाकते."

"खबरदार! आले नव्हते मी. ते राहू दे." सिस्टरनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा नाकावर चढवला. "साबणाचंही तू लिहायचं नाहीस. तुझ्या पलंगावरून तो कुठे दिसत होता?"

"मग?"

"खाली थोडी जागा उरली आहे ना? पेन दे इकडे. तेवढं मी लिहिते."