तडा गेलेल्या माठातली रानस्ट्रॉबेरी

मी गयाबाईच्या परसातला माठ बोलतोय. पाण्याचा म्हणाल, तर पाणी माझ्यात दोनच महिने राहिलं. त्यानंतर चौदा वर्षं माझ्यात रानस्ट्रॉबेरी राहिली.

१९८४ सालच्या होळीनंतर वांकिडीच्या बाजारात गयाबाईनं मला विकत घेतलं. बोटानं तीनदा वाजवून, कान लावून ऐकलं, तेव्हाच घेतलं. आधी दोन माठ तिनं परत केले होते, याचा मला अजून अभिमान आहे. तिसऱ्या दिवशी शेजारच्या देवकाबाई पाणी पिऊन म्हणाल्या, "लय गोड पानी देऊन राह्यला वं तुहा माठ!" गयाबाई दिवसभर खुशीत होती.

त्याच वैशाखात तिचा मुलगा भगवानराव लष्करातली नोकरी संपवून घरी आला. तो तिकडे हिमालयात, राणीखेतला गाडी चालवायचा. सोबत बायको होती, त्या पहाडातलीच. नाव गोविंदी. तिला मराठी येत नव्हतं. तिच्या ट्रंकेत साड्यांखाली एक डबा होता आणि डब्यात ओल्या शेवाळात गुंडाळलेली रानस्ट्रॉबेरीची तीन लहान रोपं. तिकडे पायवाटेच्या कडेला ती आपोआप उगवतात. गोविंदी त्यांना भुईकाफल म्हणायची.

आठच दिवसांत तिनं मला धुवायला उचललं. तिच्या गावी पाणी तांब्याच्या घागरीत, तिकडच्या 'गागरीत', भरतात आणि गागर दगडावर दणकन ठेवली तरी तिला काही होत नाही. तिनं मलाही तसंच ठेवलं. पोटापासून बुडापर्यंत मला तडा गेला.

"मातीचं भांडं ठेवता येत नाई? तुह्या मायनं काई शिकवलं नाई काय?" गयाबाई ओरडली. गोविंदीला त्यातलं फक्त 'माय' कळलं, आणि ती रडायला लागली.

पण तिनं मला फेकलं नाही. पोटाला तार आवळली, माती, वाळू आणि पाचोळ्याचं खत भरलं, रोपं लावली आणि मला लिंबाच्या झाडाखाली ठेवलं. दोन रोपं उन्हात गेली. तिसरं वाचलं. माझ्या तड्यातून पाणी झिरपायचं, अंग ओलं राहायचं आणि त्याच्या मुळांना गारवा मिळायचा.

पुढचे तीन हिवाळे नुसती पानंच आली.

"काऊन वं, गवताले पानी देऊन राह्यली?" गयाबाई म्हणायची. "वांगं लावलं असतं तं भाजी तरी झाली असती."

१९८७च्या चैत्रात गोविंदी भावाच्या लग्नाला माहेरी निघाली. त्याच्या आदल्या दिवशी भाकरी करपल्यावरून घरात बोलाचाली झाली होती. गयाबाई बोलून गेली होती, "मन लागत नसन तं जाय तुह्या देसाले!" एवढं मराठी आता गोविंदीला कळत होतं. निघताना ती माझ्यापाशी थांबली. "माय, इसको दो बखत पानी देना."

"मले दुसरा धंदा नाई काय?" गयाबाई म्हणाली.

महिन्याभरात येते असं सांगून गेलेली गोविंदी दीड महिना झाला तरी आली नाही. पत्रही नाही. भगवानराव पोस्टात जायचा आणि हात हलवत परत यायचा. देवकाबाई एकदा म्हणाल्या, "थंड्या मुलकाची बाई ते. काऊन येईन या फुफाट्यात?"

त्या दुपारी गयाबाई माझ्याकडे आली. वय झालेलं, कंबर धरलेली. तरी मला कवेत घेऊन ओढत ओढत ओसरीत नेलं आणि माझ्या जागी आणलेल्या पाण्याच्या माठाच्या तिवईखाली बसवलं, म्हणजे त्याचं थेंब थेंब पाणी माझ्यावर पडावं. स्वतःचं जुनं लुगडं फाडून, भिजवून माझ्याभोवती गुंडाळलं. सकाळी, दुपारी आणि दिवे लागताना ती यायची आणि पानं मोजायची. नऊ. सहा. चार. रोहिणी नक्षत्र लागलं तेव्हा एकच पान उरलं होतं.

"तू मेलं तं मी तिले काय सांगू?" ती त्या पानाला म्हणाली. "मी बोलली अन् हे गेलं, असंच म्हनन ना ते?"

मला बोलता येत नव्हतं. ओल धरून ठेवणं तेवढं येत होतं, ते मी केलं.

मृगात एक कोंब फुटला. आठ दिवसांनी गोविंदी आली. तिकडे तिची आई अंथरुणाला खिळली होती. गाठोडं दारातच टाकून ती परसात धावली, लिंबाखाली मी दिसेना म्हणून दचकली. मग ओसरीत तिला ते लुगडं दिसलं. ती किती तरी वेळ त्याला हात लावून बसली.

"जित्तं हाये तुहं गवत," चुलीपासून गयाबाई म्हणाली. "आता तूच पाह्य."

पुढच्या जानेवारीत पहिली तीन फळं आली. चण्याबोराएवढी, लाल, वास मात्र घरभर. गोविंदीनं ती गयाबाईच्या हातावर ठेवली. दात पडल्यापासून म्हातारीनं बोर नाही की पेरू नाही, काही खाल्लं नव्हतं. तिनं एक फळ जिभेवर ठेवलं, टाळूला दाबलं आणि डोळे मिटले.

"दात लागत नाई वं याले!" म्हणत तिनं दुसरंही खाल्लं. तिसरं तिनं गोविंदीची हनुवटी धरून तिच्या तोंडात घातलं. "बिना आठोळीचं बोर हाये हे. तुह्या देसातलं."

मग दर हिवाळ्यात दोघी पायरीवर बसून वाटून खायच्या. रोपाला दोरीसारखे लांब फुटवे यायचे, त्यांची रोपं देवकाबाईंकडे गेली, पार बेल्लमपल्लीलाही गेली. १९९४मध्ये गयाबाई गेली. शेवटच्या हिवाळ्यात गोविंदी फळं ठेचून तिला चमच्यानं भरवायची.

आता १९९८ आहे. माझी तार गंजली, काठ गळाला. काल गोविंदी बाजारातून नवा माठ घेऊन आली. "दोन वापस केले, माय," गयाबाईच्या फोटोकडे पाहून म्हणाली, "तवा हा भेटला." आता रोप त्यात जाईल.

माझी एवढीच विनंती आहे. मला उकिरड्यावर टाकू नका. नव्या माठाच्या बुडाला भोक पाडून माझ्या खापऱ्या तळाशी घाला. त्यांच्यामुळे पाणी साचत नाही, मुळं कुजत नाहीत. आणि गोविंदी, ठेवताना हळू ठेव.

तसं तुला आता सांगावं लागत नाही. काल नवा माठ टेकवताना तू आधी खाली आपला हात ठेवलास, ते मी पाहिलं.