खडूवालीची मुलगी

खडूवालीचा पाय एका जागी ठरत नव्हता. दवाखान्याच्या बाकावर बसल्यापासून तो नुसता हलत होता, आणि शेजारी बसलेल्या सासूबाई त्या पायाकडे डोळे वटारून बघत होत्या. मांडीवर साडेतीन वर्षांची ठकी पेंगत होती, पांढरीफटक. घड्याळात पावणेदहा झाले होते आणि कारखान्यातून सुट्टी मिळाली होती ती अर्ध्याच दिवसाची.

खडूवाली हे नाव तिला कामावरून पडलं होतं. शर्टाला खिसा कुठे, काज कुठे, त्याच्या खुणा निळ्या खडूने करायच्या, दिवसभर, उभ्याने. ठकीच्या वेळी दिवस गेले तेव्हा एकदा खडूचा तुकडा सहज तोंडात टाकला, तो आजतागायत सुटला नव्हता. दाताखाली करकर वाजलं की घटकाभर जीव थाऱ्यावर यायचा. मग पुन्हा तलफ. हे तिने नवऱ्यालासुद्धा सांगितलं नव्हतं. खडू खाणाऱ्या बाईला लोक काय म्हणतील, हे सांगायला ज्योतिषी लागत नाही.

ठकीचं दुखणं मात्र उघड होतं. अंगात रक्त नाही. चार महिन्यांपूर्वी डॉक्टरीणबाईंनी विचारलं, मुलगी माती, भिंत, असलं काही खाते का? घरी येऊन बघतात तर कॉटच्या कडेला पिवळ्या भिंतीचा पोपडा उडालेला. झालं, चोर सापडला. नवऱ्याने भिंतीला ऑइल पेंट मारला, कॉट खोलीच्या मधोमध ओढली आणि सासूबाई पहाऱ्याला बसल्या. "मी भिंत नाही खात," असं पोर रडून रडून सांगायची. ऐकतंय कोण? परवा खुद्द खडूवालीनेच तिच्या पाठीत धपाटा घातला होता. लोहाचं औषध एक दिवस चुकलं नव्हतं, तरी रक्त नवावरून आठावर आणि आठावरून सातावर आलं. "औषध देता ना खरंच?" असं डॉक्टरीणबाईंनी गेल्या खेपेला विचारलं, तेव्हा सासूबाई चांगल्याच उखडल्या होत्या.

आणि आज सकाळी दात घासताना ठकीने चूळ टाकली ती निळी.

घरात निळं काही असेल तर ते एकच. तिने कामाच्या कोटाच्या खिशात हात घातला. काल आणलेला अख्खा खडू अर्धा झाला होता आणि त्याच्या कडेवर बारीक दातांच्या खुणा होत्या. कुणी बघायच्या आत तिने भराभर पाणी ओतून मोरी धुतली.

तेव्हापासून मनात एकच चक्र. खडू घरी आणणं बंद केलं की प्रश्न मिटला, कुणाला कळायची गरजच काय? पण ज्यासाठी पोरीला बडवलं ते तिला आपल्याच खिशातून मिळत होतं, हे काही केल्या गिळवत नव्हतं.

आत सिस्टरने ठकीच्या बोटाला सुई टोचली. साडेसहा.

"आता ॲडमिट करू," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "रक्त चढवू. पोटातून कुठे रक्त जातंय का, तेही नळी घालून बघावं लागेल."

"भिंत खाते हो ही," सासूबाई म्हणाल्या. "किती दटावलं तरी ऐकत नाही."

"मी नाही खात," ठकी पुटपुटली, आणि सवयीने आईपासून पाठ लांब केली.

ते खडूवालीला सहन झालं नाही.

"ती खरं बोलतेय, आई," ती सासूबाईंना म्हणाली. "ती खडू खाते. माझ्या खिशातला." मग डॉक्टरीणबाईंकडे वळून तिने एका दमात सांगून टाकलं, "मी खाते, म्हणून तो खिशात असतो. चार वर्षं झाली."

सासूबाईंनी तोंडाला पदर लावला. डॉक्टरीणबाई मात्र रागावल्या नाहीत. "रक्त कमी झालं की अशी तलफ येते," त्या म्हणाल्या, "आणि असलं पोटात गेलं की औषध अंगी लागत नाही. आज नळी नको आणि ॲडमिटही नको. खडू बंद करा, औषध चालू ठेवा आणि आठवड्याने दाखवा. आता तुमचं बोट द्या."

खडूवालीचा आकडा सहासुद्धा भरला नाही. डॉक्टरीणबाईंनी तो दोनदा वाचला.

"हिला कडेवर घेऊन तीन जिने चढलात तुम्ही?"

"हो."

"दम नाही लागत?"

हा काय प्रश्न झाला, ते खडूवालीला कळेना. "लागतो की," ती म्हणाली. "सगळ्याच बायकांना लागतो ना?" आणि तिने होकारासाठी सासूबाईंकडे बघितलं.

"लागतोच," सासूबाई म्हणाल्या. "मला तर लग्न झाल्यापासून लागतो. त्यात विचारायचं काय?"

सिस्टरने तिसरी सुई काढली.